सहाच्या आत ट्वीड, सहानंतर बो

माझी बायको उर्मिला डब्लिनमधल्या एका दुकानात काम करते. तिथे लग्नाकार्याचे पुरुषांचे कपडे भाड्याने मिळतात. सूट, जॅकेटं आणि किल्ट. किल्ट म्हणजे तो चौकड्यांचा, गुडघ्यापर्यंतचा लोकरी घागरा, पण घागरा म्हटलेलं तिला खपत नाही. इथे रोज कोणी तो घालत नाही. घरात लग्न निघालं की मात्र पुरुषांना एकदम आपल्या काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, रंग आठवतात.

सांगलीत ती ब्लाउज शिवायची, फॉल-पिको करायची. मला ब्युमॉन्टला हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून ती माझ्यामागे डब्लिनजवळच्या ओंगारला आली आणि वर्षभर भिंतींशी बोलून कंटाळल्यावर तिने हे काम धरलं. पहिल्याच दिवशी काचेतल्या पुतळ्याला किल्ट नेसवायला सांगितला, तर बाईंनी सगळ्या चुण्या पुढे आणल्या. निऱ्या पुढेच असतात, त्यात विचार कसला करायचा? किल्टच्या चुण्या मागे जातात आणि सपाट बाजू पुढे येते. मालक ब्रेनन पोट धरून हसला आणि त्याने तिला पडद्यामागे मशीनवर बसवलं, ते चार वर्षं.

यंदा काउंटरवरची बाई निवृत्त झाली. उर्मिलाने ती जागा मागितली. ब्रेनन वाईट माणूस नाही. किल्टबद्दल लोकांना आपल्यातल्याच कोणाकडून ऐकायला आवडतं, असं त्याने अगदी हळू आवाजात सांगितलं आणि काचेवर ‘माणूस पाहिजे’ची पाटी लावली. त्या दिवशी आमच्याकडे भाजी इतकी तिखट झाली की मी काही विचारायच्या भानगडीत पडलो नाही. राग मलाही आला होता. चार वर्षं पडद्याआडून तिने त्या माणसाचा शब्द न् शब्द ऐकला होता. कुठल्या जॅकेटवर कुठला टाय, हे ती मला जेवताना म्हणून दाखवायची, मी न विचारता.

मग एका शनिवारी मी तिला न्यायला जाऊन दुकानात बसलो होतो. लेटरकेनीहून तीन तास गाडी चालवत गॅलाहर नावाचे गृहस्थ आले. मुलीचं लग्न होतं आणि पत्रिकेवर ‘ब्लॅक टाय’ छापलं होतं. त्यांनी खिशातून मोहरीच्या रंगाचा, हाताने विणलेला लोकरी टाय काढला. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. मुलीने बाराव्या वर्षी विणलेला. तुझ्या लग्नात हाच घालीन, असा शब्द त्यांनी दिला होता आणि पोरगी तो विसरली नव्हती.

ब्रेननने मान हलवली. ब्लॅक टाय म्हणजे किल्टवर आखूड काळं जॅकेट, वेस्टकोट आणि काळा बो, म्हणजे गळ्याशी फुलपाखरासारखा बांधायचा टाय. हा टाय फार तर खिशात ठेवा, म्हणाला. खिशात ठेवायचा शब्द दिला नव्हता, असं म्हणत गॅलाहर उठले आणि कोट चढवू लागले. मला त्यांची दया आली.

तेवढ्यात पडदा सरकला. तोंडातल्या टाचण्या काढत उर्मिलाने विचारलं, लग्न किती वाजता आणि जेवण किती वाजता? चर्च एक वाजता, जेवण सात वाजता.

“आमच्याकडे नवरीचा मामासुद्धा मुहूर्ताला वेगळे आणि रिसेप्शनला वेगळे कपडे घालतो,” ती म्हणाली. “तुम्ही तर बाप आहात.”

तिने राखाडी ट्वीडचं, म्हणजे जाड लोकरी कापडाचं, जॅकेट काढलं, त्यावर तो टाय धरला आणि कमरेला लावायची साधी कातडी पिशवी शेजारी ठेवली. ट्वीडवर लोकरी टायच शोभतो. दिवसा हेच घालायचं. सहा वाजले की किल्ट तोच, फक्त वरचं सगळं बदलायचं. पाच मिनिटांचं काम. संध्याकाळचे कपडे सहाच्या आत घालत नाहीत, हा नियम तिने ब्रेननच्याच तोंडून ऐकला होता. बो बांधता येत नाही अशी गॅलाहरांची शेवटची शंका निघाली, तेव्हा तिने मला खुर्चीतून उठवलं आणि माझ्या टी-शर्टवर बो बांधून दाखवला. चार वेळा. गळा माझा होता, पण ते काही कोणाच्या ध्यानात नव्हतं.

“ग्रँड,” गॅलाहर म्हणाले, म्हणजे इथल्या भाषेत झकास, आणि दोन्ही जॅकेटं घेऊन गेले. तो टाय त्यांनी जाताना गळ्यातच घातला होता.

पुढच्या मंगळवारी एक आई मुलाला घेऊन आली. सेमी-फॉर्मल समारंभ आहे, किल्टवर साधा टाय चालेल की बो लागेल, असं तिने ब्रेननला विचारलं. ब्रेनन म्हणाला, “ते उर्मिलाला विचारा. इथे तिला जास्त कळतं.” मग त्याने काचेवरची पाटी काढली आणि पडद्यामागे चहा टाकायला गेला.

उर्मिलाने मला कामावर फोन करून हे सांगितलं. ब्रेनन तसं म्हणाला तेव्हा काही क्षण तिला बोलताच आलं नाही, असं ती म्हणते. इतक्या वर्षांच्या संसारात असं मी कधी पाहिलेलं नाही, आणि नेमका त्याच वेळी मी तिथे नव्हतो, याचं मला अजून वाईट वाटतं.