गुरुजींची ट्यूब आणि माझा पंच

भर दुपारी मी दारू पकडून देणाऱ्यालाच दारूवाला समजून चौकीत बसवलं. नोकरीत चुका पुष्कळ केल्या, पण ही एक आठवली की आजही हातातला चहा तसाच गार होतो.

नव्वदच्या दशकात मी इंदापूर तालुक्यातल्या एका चौकीचा प्रमुख होतो. सणसरच्या बाजूच्या एका गावात शाळकरी पोरं हातभट्टीच्या नादी लागली होती. एक निवृत्त गुरुजी आणि ऊस करणाऱ्या एक आक्का, या दोघांनी गावातली काही माणसं जमवली. शाळा सुटली की कालव्याच्या रस्त्यावर पाळीपाळीनं उभं राहायचं, पोरांना हटकायचं, घरी पोचवायचं. आमचं काम दुसरंच कुणी करतंय, हे मला मनातून खुपायचं.

त्या दिवशी खबर आली. "साहेब, गुरुजी सायकलवर दारूची ट्यूब घेऊन निघालाय!" खबर देणारा चौकीसमोरचा पानटपरीवाला. दारूच्या प्रत्येक छाप्यात पंच म्हणून सही करायला हा गडी न बोलावता हजर, म्हणून माझा भारी लाडका.

मी वळणावर सायकल अडवली. कॅरिअरवर दारूनं टम्म फुगलेली टायरची ट्यूब. मागून आक्का धावत आल्या.

"साहेब, ही पोरांकडून काढून घेतलीय," गुरुजी म्हणाले. "तिघं पीत होते. दोघं सापडले. तिसरा नववीतला, उसात कुठंतरी पडलाय. दोघं भेदरलीत, जागा सांगत नाहीत. आमची माणसं शोधतायत. तुम्ही जीप घेऊन चला."

मी त्यांना जीपमध्ये घेतलं खरं, पण आणलं चौकीत. मुद्देमाल जप्त, पंचनामा सुरू. पंच अर्थातच टपरीवाला.

"माल कुठून आणला?"

"सांगितलं की, साहेब."

"कुणाला विकणार होता?"

दारातून आक्का कडाडल्या, "आवं, पोरगं मरंल तितं! आधी त्याला हुडका, मग गुरुजींना काय फाशी द्यायची ती द्या!"

"बाई, सरकारी कामात अडथळा आणू नका," मी रुबाबात म्हणालो. अर्धा तास असाच गेला.

टपरीवाला सही करता करता हसला. "कशाचं पोरगं, साहेब? मोटारीच्या खोलीमागं कुणीबी न्हाय."

माझा हात थांबला. पाण्याच्या मोटारीच्या खोलीचं नाव तोवर कुणीच काढलं नव्हतं.

"कुठली मोटारीची खोली?"

त्याचं पान चघळणं थांबलं. दोन मिनिटांत सगळं बाहेर पडलं. पोरांना ट्यूब त्यानंच दिली होती, त्याच खोलीमागं. गुरुजी ती घेऊन चौकीकडं निघालेले दिसले, तसा आपलं नाव निघायच्या आत तो आधी पळत माझ्याकडं आला.

जीप तिकडं दामटली. पोरगा खोलीमागच्या उसात, सरीत पालथा पडला होता. अंग गार, तोंडात ओकारी. गुरुजींनी त्याला कुशीवर वळवून तोंड साफ केलं. बारामतीच्या दवाखान्यापर्यंत आक्का त्याच्या नाकापुढं हात धरून बसल्या होत्या. थोड्या थोड्या वेळानं पुटपुटायच्या, "हाय... अजून हाय." मागं वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पोरानं डोळे उघडले. टपरीवाला आरोपी झाला, आणि त्यानं पंच म्हणून सह्या केलेल्या जुन्या खटल्यांत त्याचे किती स्पर्धक मी आत टाकले असतील, ते मी मोजत बसलो. खबर खरी का खोटी, हे मी नेहमी तपासायचो. ती देण्यात देणाऱ्याचा काय फायदा, हे विचारायला मात्र त्या दिवशी शिकलो.

पुढच्या आठवड्यात गावात जाऊन सगळ्यांसमोर माफी मागितली. म्हणालो, "उद्यापासून मीही तुमच्याबरोबर रस्त्यावर उभा राहतो."

गुरुजी संकोचले. आक्का मात्र नाही संकोचल्या.

"नगं साहेब, तुमी चौकीतच बसा. हितं पोरं संभाळताना जीव जातोय, त्यात तुमाला कुठं संभाळू?"