सराईमागची बिनखिडकीची खोली

आई गेली तेव्हा मी दादाला फोनवर म्हटलं, "माझ्यासाठी थांबू नका, उरकून घ्या." उरकून घ्या! जसं काही दळण आणायचं होतं. व्हिडिओ कॉलवर त्यानं फोन आईच्या चेहऱ्यासमोर धरला, बोल म्हणाला. मी दोन मिनिटं बोलले. नंतर बघते तर माझा माईक बंद. ऑफिसातली मेली सवय, कॉलमध्ये शिरलं की बोट आपोआप तिथेच जातं. हे मी कोणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. तीन आठवडे इथे परदेशात डीमनच्या घरून झुइडासच्या ऑफिसला जात होते, येऊन कुकर लावत होते. डोळ्यांतून टिपूस नाही.

शेवटी नवऱ्यानं नदीकाठच्या एका जुन्या सराईत दोन दिवसांसाठी खोली घेतली. मला काय, कुठेही नेऊन बसवा.

सराईच्या मालकीणबाई सत्तरीच्या, उत्साह नुसता उतू जाणारा. कॉफी संपायच्या आत आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. हा लांबलचक तबेला. घोडागाडी एका दारानं आत, दुसऱ्या दारानं बाहेर, म्हणजे वळवायची कटकट नको. आता तिथे पाहुण्यांच्या सायकली. ही पाव भाजायची भट्टी, आगीच्या भीतीनं घरापासून लांब बांधलेली. आता तिची खोली केली होती, आणि तीच आमची. नवरा "अरे वा, अरे वा" करत होता. मी नुसती मान हलवत होते.

शेवटी बंधाऱ्याला टेकलेली एक बिनखिडकीची विटांची खोली. "नदीत बुडालेल्यांना इथे ठेवायचे," बाई म्हणाल्या. "माझी सासू सांगायची. घरचं कोणी येईपर्यंत वाट बघायचे, मगच पुरायचे."

नवऱ्यानं चटकन माझ्याकडे पाहिलं. मला काही वाटलं नाही, खरंच. आत बागेतल्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, कोपऱ्यात गवत कापायचं यंत्र होतं. मी ते बघत उभी राहिले. बाई पुढे गेल्या, नवरा गेला. माझा पायच निघेना.

दुपारी अंगणातल्या बाकावर बसून मी दादाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. "गेलेल्या माणसाला काय ऐकू येतं, कळतं रे मला. पण मी बोलले ते तिथे पोचलंच नाही."



"माहितीये मला," दादा म्हणाला. "वाकून बघत होतो ना मी. माईक बंद असल्याची खूण दिसत होती. सांगणारच होतो, पण तुझे ओठ थांबेनात. काका मागून घाई करत होते, चला, उशीर होतोय. मी म्हटलं, थांबा जरा, तिचं आईशी बोलणं चाललंय. सगळे गप्प उभे राहिले बघ, तुझं होईपर्यंत."

तेव्हा कुठे मला रडू फुटलं.