लिफ्टमधला नववा

मी आज जो काही आहे तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे, सुमनआक्कामुळे आहे. लिफ्टमध्ये अडकलो तो मात्र पूर्णपणे स्वतःच्या कर्तबगारीवर.

आमची वस्ती नाशिकजवळ, गिरणाऱ्याच्या अलीकडे. झेंडू आणि शेवंती हे आमचं पीक, आणि पहाटे फुलबाजारात माल पोचवणं हा आमचा धर्म. आक्का सातवीपर्यंत शिकली. पुढचं हायस्कूल लांब होतं, त्यात आईचं ऑपरेशन झालेलं. "मी थांबते, दिनूला जाऊ द्या," असं ती म्हणाली आणि घरात कोणी तिला दुसऱ्यांदा विचारलं नाही. मीही नाही. (मी तेव्हा दुसरीत होतो. पण हे कारण मला हल्ली पुरत नाही.)

स्वतःची शाळा सुटली, तरी माझी तिने सुटू दिली नाही. रद्दीवाल्याकडून एक इंग्रजी शब्दकोश आणला. त्याची पुढची पानं गेलेली, त्यामुळे आमच्या घरी इंग्रजी भाषा 'बी'पासून सुरू व्हायची. आक्का माळा ओवत बसायची आणि मी तिला रोज एक शब्द वाचून दाखवायचो. नियम एकच, शब्द त्याच दिवशी वापरायचा. "फूल काय आन् शब्द काय, सांजेपर्यंत खपला पायजे," ती म्हणायची. "उद्याला शिळा कोण घेतंय?" वस्तीवर इंग्रजीला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी बरेच शब्द म्हशीवर खपवले. तिने कधी उत्तर दिलं नाही, पण चुकाही काढल्या नाहीत.

असाच एके दिवशी 'एक्सीड' निघाला. म्हणजे घालून दिलेल्या मर्यादेपलीकडे जाणे. आक्काने विचार केला आणि म्हणाली, "मग तू दोनावर तिसरी भाकर खातो ते?" मी म्हटलं, तेच ते. "खा खा," ती म्हणाली, "भाकरीला एक्सीड नसतंय."

पुढे मी बी.एस्सी. झालो. वस्तीतला पहिला पदवीधर! सातपूरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो आणि मृणालचं स्थळ आलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची. आम्ही एकमेकांना पसंत होतो, प्रश्न तिच्या वडिलांचा होता. अण्णा कचेरीतून निवृत्त झालेले. मध्यस्थाला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की माणसं साधी चालतील, पण शिस्तीची हवीत. बोलणी करायला त्यांनी आम्हाला गंगापूर रोडवरच्या त्यांच्या सहाव्या मजल्यावरच्या घरी बोलावलं. आठवडाभर मी घरच्यांना शिस्त शिकवली. एका वेळी एकानेच बोलायचं, बशीत चहा ओतायचा नाही, वगैरे.

आम्ही अकरा जण निघालो. कमी करायची सोय नव्हती, कारण बोलण्यांतून ज्याला वगळाल तो लग्नात जेवत नाही. सोबत शेवंतीची भली मोठी टोपली.

लिफ्ट जुनी होती. आत इंग्रजी पाटी, आणि पाटीवर, काय सांगू, 'एक्सीड'! इतक्या वर्षांनी माझा शब्द मला समोरासमोर भेटला. मी सगळ्यांना तिथेच उभं करून त्याचा अर्थ, उगम आणि उपयोग समजावला. आठापेक्षा जास्त माणसं घेणं म्हणजे मर्यादा ओलांडणं, आणि मर्यादा ओलांडणं म्हणजे बेशिस्त. वॉचमननेही मान डोलावली. मी हुकूम सोडला की आठ जण आत्ता, उरलेले तिघं नंतर.

आत्या जागची हलली नाही. "तिघांनी शुभ कामाला जायचं नसतं," ती म्हणाली. "तीन तिगाडा. तुझ्या पुस्तकात नसंल ते."

नानाकाकांनी तिला दुजोरा दिला. आता काय करायचं यावर फाटकापर्यंत ऐकू जाईल अशी चर्चा झाली. शेवटी आक्का हळूच म्हणाली, "मी जिन्यानं येते. मग खाली दोघंच उरत्यात."

तिचा गुडघा गेले वर्षभर दुखत होता. पण मला गुडघा आठवला नाही, वेगळंच काहीतरी आठवलं. मी तिचा हात धरून तिला आत ओढलं आणि म्हणालो, "एका माणसाने काय होतंय? पाटीवर कमीच लिहितात."

वॉचमनने माझ्याकडे पाहिलं. दोन मिनिटांपूर्वीचा व्याख्याता तो हाच का, असा त्याचा चेहरा होता. नऊ जण आणि टोपली घेऊन लिफ्ट निघाली, चौथ्या मजल्यापर्यंत व्यवस्थित गेली आणि त्यानंतर तिने विचार बदलला.

अंधारात पहिला आवाज आत्याचा आला. तिघांचा अपशकुन टळला, हे तिने समाधानाने नोंदवलं. मग वरून अण्णांचा आवाज आला, "घाबरू नका, माणूस येतोय. किती जण आहात आत?"

आठवडाभराची शिस्त पणाला लागली होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "आठ."

वीस मिनिटांनी दार उघडलं. अण्णा जिन्यात उभे होते आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत होते. कचेरीची सवय, नमस्कार मोजून चालले होते. नववा मी होतो. डोक्यावर टोपली.

"आठ म्हणालात," अण्णा म्हणाले.

मला 'बी'पासून 'झेड'पर्यंत एकही शब्द सुचेना. आक्काच पुढे झाली. "नववी मी हाय, अण्णा. मी जिन्यानं येनार व्हते, ह्यानं येऊ दिलं नाय. खोटं बोलला ते चुकलंच त्याचं. पर ते मला वाचवायला बोलला."

मृणाल अण्णांच्या मागे उभी होती. तिने आक्काचा हात धरला आणि एकेक पायरी करत वर घेऊन गेली. आम्ही पोचलो तेव्हा मामा आणि मामी, म्हणजे खाली राहिलेले दोघं, जिन्याने येऊन पोह्यांची दुसरी बशी संपवत होते.

निघताना अण्णांनी मला बाजूला घेतलं. "नियम मोडलात ते चालेल," ते म्हणाले. "आकडा यापुढे खरा सांगत जा." होकार असाही असतो, हे मला रस्त्यावर आल्यावर कळलं.

परवा आम्ही घर घेतलं आणि मी आक्काला पत्र लिहिलं. तिच्याकडे फोन आहे. पण ती म्हणते, फोन ठेवला की बोलणं संपतं, पत्र परत वाचता येतं.

ती. आक्कास,

दिनूचा साष्टांग नमस्कार. घर ठरलं. मृणालने ऊन, पाणी, हवा सगळं पाहिलं, मी फक्त तळमजला आहे ना एवढं विचारलं. तू "मी जिन्यानं येते" म्हणालीस ना, ते अगदी "मी थांबते" म्हणाली होतीस त्याच आवाजात. तेव्हा मी गप्प बसलो होतो. म्हणून या वेळी बोललो, आणि नऊ माणसं अडकवली. वास्तुशांतीला आधी तू आत यायचं, मग बाकीचे. कितीही या. आत्याला सांग, कुठे तिघं होत असतील तर मी रस्त्यापर्यंत येऊन चौथा होईन.

तुझा,
दिनू

ता. क. अकरा माणसं सात आणि चार अशीही जाऊ शकली असती, हे मला काल मृणालने सांगितलं. तुम्हा सगळ्यांना ते तेव्हाच कळलं होतं का? मी पदवीधर म्हणून कोणी बोललं नाही, असं तर नाही ना?