न हुंगलेलं पोतं

ढेपीचं पोतं दिसलं की ती घटना अजून आठवते, आणि स्वतःच्या नाकाची लाज वाटते.

तेव्हा मी तापीकाठच्या एका ठाण्यात होतो. खबर आली, एका बागायतदाराच्या दोन वगारी, म्हणजे तरण्या म्हशी, मेल्या आणि त्याच्या सालदाराच्या झोपडीत फवारणीच्या औषधाची बाटली आहे. हा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, सातपुड्यातला पावरा आदिवासी. आठवड्यापूर्वीच मालकाशी भांडलेला.

“त्यानीच औषध टाकं, साहेब,” मालक म्हणाला. “घरना माणूस समजीसन ठेवं व्हतं त्याले.”

बाटली, भांडण, संशयित, सगळं आयतं. मी सालदाराला उचललं आणि गोठ्यातलं सरकीच्या ढेपीचं, वगारींना घालायच्या पेंडीचं, पोतं जप्त केलं. पावसाळी दिवस. पुरावा भिजू नये म्हणून ते न उघडता प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, लाखेचं सील ठोकलं. इतकी काळजी मी लग्नातल्या सुटाचीही घेतली नव्हती.

चौकशीत सालदार खाली बघत म्हणाला, “बाटलीत मोहाचं तेल आहे, साहेब. ढेपेला वास मारत होता. वगारी तोंड फिरवायच्या. मालक बोलला, गुळाचं पाणी शिंपड, खातील. त्याच्यावरूनच भांडलो.”

“गोष्टी सांगू नको,” मी म्हणालो.

बाटलीत खरंच तेल निघालं. मेलेल्या वगारींचा तपासणीला पाठवलेला व्हिसेरा, म्हणजे आतले अवयव, मात्र वाटेतच सडला. प्रयोगशाळेने निष्कर्ष दिला नाही. मग मी गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

ते म्हणाले, “सरकीत प्रथिनं भरपूर, तेलही, म्हणून जनावर तुकतुकीत होतं. पण तिच्यात थोडं उपजत विषही असतं. त्यात ढेप दमट राहिली, तर बुरशीचं विष यकृत खातं. गुळाने वास झाकतो, विष नाही. पोतं दाखवा.”

मुद्देमालाच्या खोलीत डॉक्टरांसमोर सील तोडलं. आत ढेप घामेजून हिरवीगार झालेली.

“ही बुरशी गोठ्यातली की तुमच्या प्लास्टिकमधली?” डॉक्टरांनी विचारलं.

मी पंचनामा काढून पाहिला. त्यात मी एवढंच लिहिलं होतं, ‘पोतं एक, तोंड बांधलेलं.’

सालदार पुराव्याअभावी सुटला. निघताना म्हणाला, “मग मी नाही केलं, असं लिहून द्या ना, साहेब. नाहीतर गावात कामाला कोणी ठेवणार नाही.”

“तसं लिहिता येत नाही,” मी म्हणालो. बायकोला घेऊन तो गुजरातेत ऊसतोडीला गेला. परत आल्याचं ऐकलं नाही.

आता मी पिठाचा डबासुद्धा हुंगून बघतो. बायको म्हणते, “निवृत्तीनंतर नाक आलं वाटतं तुम्हाला.” मी हसतो. पोलिसाने माणसाआधी पोतं उघडावं, एवढं शिकलो. ते शिकायला त्याचं गाव गेलं.