चौदा नंबरची मूठ

बर्निस टॉलिव्हरला नसत्या चौकशा करायची खोड होती, आणि ती ते कधी लपवतही नसे. चाळीस वर्षं तिने दातांच्या प्रयोगशाळेत लोकांच्या कवळ्या घडवल्या. मेणातला ठसा हातात आला की माणूस न बघताच ती सांगायची, हा झोपेत दात खातो, हिची उजवीकडची दाढ ठणकते, याच्या तोंडात दिवसभर पाइप असतो. निवृत्त झाल्यावर ठसे यायचे बंद झाले. तिचा नवरा लेस्टर त्याच्या आधीच्या वर्षी गेला होता. घर एवढं शांत झालं की फ्रिज बंद पडला तरी कळावं. आणि चौकशी करायला कुणी उरलं नव्हतं.

तेव्हा एकटी बाई म्हणून तिने मर्लच्या बंदुकांच्या दुकानातून एक जुनं रिव्हॉल्व्हर घेतलं. पोलिसांनी वापरून काढून टाकलेलं, स्वस्तातलं. त्याचा घोडा अडकायचा, म्हणून स्वयंपाकघराच्या टेबलावर टॉवेल पसरून तिने ते उघडलं. मुठीच्या लाकडी पट्टीखाली घडी घातलेलं लॉटरीचं तिकीट निघालं, एकवीस वर्षांपूर्वीचं. या शहाण्याने निकाल तरी बघितला होता का, या विचाराने तिला दोन रात्री झोप आली नाही. तिथून ती जी लागली ती लागलीच.

मर्लच्या काउंटरखाली असल्या मालाची खोकी असत. बंद पडलेल्या बँकांच्या रखवालदारांची, छोट्या गावांच्या पोलिसांची, कुणाकुणाच्या कमरेला आयुष्य काढलेली रिव्हॉल्व्हरं. बाकीची गिऱ्हाइकं त्यातलं बरं बघून उचलत. बर्निस सगळ्यात वाईट उचलायची.

“फॉर्म भर, बर्नी,” मर्ल दर वेळी म्हणायचा. “मी तुला ओळखतो, सरकार ओळखत नाही.”

घरी आणून ती ते आधी नुसतं बघायची. दाताच्या कोरण्यांनी फटींतला मळ काढायची, गंज उतरवायची, मोडकं लाकूड सांधायची. मग मर्लला सांगायची, “हा डावखुरा होता. गाडीत फार बसायचा, पट्ट्याने घासलंय बघ. आणि घाबरट होता, अंगठ्याने एकच जागा चोळचोळून लाकडाला खळगा पाडलाय.” मर्ल हसायचा, पण गिऱ्हाइकाला तेच सांगून रिव्हॉल्व्हर विकायचा. बहुतेकांची कथा सारखीच असे. बाहेरून झिजून पांढरी पडलेली, आतून कोरी. वीस-वीस वर्षं कमरेला लटकली आणि गोळी सुटली नाही. बर्निसला ते आवडायचं. हा धंदा असाच बरा, ती म्हणायची.

मार्चच्या एका सकाळी मर्लने नवं खोकं काउंटरवर ठेवलं आणि लगेच उचलायला गेला. पण बर्निसची नजर पडली होती. एका मुठीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात आकडा होता, चौदा.

“ते काचेच्या कारखान्यावरच्या रखवालदारांचं आहे ना?” तिने विचारलं.

“कंपनी बुडाली, गोदाम रिकामं केलं. बर्नी, ते नको घेऊस.”

“का?”

“का ते तुला माहीत आहे.”

“म्हणूनच घेते. आण फॉर्म.”

त्यांच्या कार्व्हर लँडिंग गावात चौदा नंबर कुणाला सांगावा लागत नाही. एकोणऐंशी साली काचेच्या कारखान्यात संप झाला. फाटकावर ढकलाढकली झाली आणि धुळीत, गर्दीत, कुणीतरी संपावर असलेल्या लेस्टरच्या डाव्या भुवईच्या वर रिव्हॉल्व्हरच्या मुठीचा टोला हाणला. डोळा कायमचा गेला. कुणी मारलं ते लेस्टरला दिसलं नव्हतं आणि त्याने कधी कुणाचं नाव घेतलं नाही. पण रखवालदारांचा मुख्य हॅस्केल याने शेरीफपुढे ओडेल प्रेदर या रखवालदाराचं रिव्हॉल्व्हर ठेवलं. चौदा नंबर. मुठीचं टोक ठेचलेलं, खाचाखाचांचं. “हे घ्या,” म्हणाला. ओडेल म्हणाला, “साहेब, मी चौकीत बसून याने अक्रोड फोडतो.”

अख्खं गाव पोट धरून हसलं. अक्रोड म्हणे! खटला उभा राहिला नाही, पण ओडेलची नोकरी गेली. पुढे तो शाळेत झाडलोट करायचा. रस्त्यात पोरं त्याला “अक्रोड!” म्हणून हाका मारत. आणि त्या वर्षीच्या थंडीत कुणीतरी त्याच्या दारात अक्रोडांची पिशवी ठेवली, वर चिठ्ठी, ‘कामाला लाग.’ ती पिशवी बर्निसने ठेवली होती. नवऱ्याच्या डोळ्यावर पट्टी होती, ती एकतीस वर्षांची होती आणि तिला त्या माणसाचं वाटोळं झालेलं हवं होतं.

ओडेल चौऱ्याण्णव साली वारला. त्याची मुलगी वांडा गावातल्या औषधाच्या दुकानात काम करते. म्हणून बर्निस रक्तदाबाच्या गोळ्या पुलापलीकडच्या गावातून आणायची, सव्वीस वर्षं.

टॉवेल पसरून तिने चौदा नंबर पुढ्यात ठेवला. तिचा बेत सरळ होता. एकदा डोळे भरून बघायचं, मग त्या खाचा कानशीने घासून सपाट करायच्या, वरून काळा मुलामा द्यायचा आणि ते टोक जगातून नाहीसं करायचं. कानस हातात घेतलीसुद्धा. पण खोड जात नाही. आधी भिंग डोळ्याला लावलं.

एका टोल्याने एक खाच पडते, फार तर दोन. इथे शेकडो होत्या. सगळ्या एकाच कोपऱ्यावर, बारीक, एकीवर एक. खालच्या झिजून बोथट, वरच्या धारदार, वर्षानुवर्षांच्या. डोकं फोडून अशा खाचा पडायच्या तर ओडेलला रोज चार डोकी लागली असती. तिने कानस खाली ठेवली आणि स्क्रू काढून लाकडी पट्ट्या उचलल्या. पोलाद आणि लाकूड यांच्या फटीत तपकिरी कचरा घट्ट बसला होता. कोरणीने एक कण काढला, बशीतल्या पाण्यात टाकला. पाण्यात चहासारखा रंग उतरला.

काळे अक्रोड इथे प्रत्येकाच्या अंगणात पडतात. कवच एवढं कठीण की लोक त्यांच्यावरून गाडी नेतात, आणि ते सोलणाऱ्या हातांवरचा डाग महिनाभर जात नाही. तो रंग ओळखायला बर्निसला भिंग नको होतं.

मग तिला रागच आला. अक्रोड फोडणारा डोकं फोडू शकत नाही, असं कुठे लिहिलंय? एवढ्यावर चाळीस वर्षांचं सोडून द्यायला ती तयार नव्हती. तिने कपाटातून जुनं गुलाबी मेण काढलं, गरम पाण्यात मऊ केलं, थापून वडी केली आणि चौदा नंबरची मूठ दाबली. ठसा उमटला. सपाट, चौकोनी कोपरा.

लेस्टरच्या कपाळावरचा व्रण अर्धचंद्राचा होता, मध्ये एक ठिपका. बत्तीस वर्षं तिने रोज रात्री दिवा मालवल्यावर त्याच्यावरून बोट फिरवलं होतं. हे ते नव्हतं. मूठ उलटून बघितली तर तळ साधा, गुळगुळीत. तिथे कधी काही बसवलेलं नव्हतं, आणि बुजवलेलं भोकही नव्हतं.

फळीवर एक लष्करातलं जुनं रिव्हॉल्व्हर पडलं होतं, दोन वर्षांपूर्वी घेतलेलं. त्याच्या मुठीच्या तळाला दोरी अडकवायची कडी होती. ती कडी बर्निसने दहा वेळा पुसली होती आणि कधी काही मनात आलं नव्हतं. जे ठरून गेलंय त्याची चौकशी कोण करतं? तिने दुसरी वडी केली, मूठ दाबली, डोळे मिटले आणि ठशावर बोट ठेवलं. अर्धचंद्र, मध्ये ठिपका.

“अगं बाई,” ती मोठ्याने म्हणाली. “लेस्टर.”

त्या फाटकावर कडीचं रिव्हॉल्व्हर एकाच माणसाकडे होतं. तो ते लष्करातून आणल्याची फुशारकी मारत, दोरी खांद्यावर अडकवून फिरायचा. हॅस्केल. तो पुढे फ्लॉरिडात गोल्फ खेळता खेळता मेला. असली माणसं अशीच सुखाने मरतात.

दोन दिवस बर्निस घराबाहेर पडली नाही. हॅस्केलचा राग तिला पहिल्या तासातच येऊन गेला होता. राहिली होती ती पिशवी. तिसऱ्या दिवशी ती दोन्ही वड्या रुमालात गुंडाळून औषधाच्या दुकानात गेली.

वांडाने चष्म्यावरून बघितलं. “तुमच्या गोळ्या पुलापलीकडे मिळतात, मिसेस टॉलिव्हर.”

“गोळ्यांसाठी नाही आले.” बर्निसने वड्या काउंटरवर ठेवल्या आणि सगळं सांगितलं, खाचा, फटीतला कचरा, कडी, व्रण. वांडाने वड्यांना हात लावला नाही.

“डॅडींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “अक्रोड.”

“मी हसले होते.”

“सगळेच हसले. पिशवी मात्र तुम्ही ठेवलीत.”

“तुला माहीत होतं?”

“चिठ्ठीवरचं अक्षर मॉमने ओळखलं. तिच्या कवळीच्या डबीवर तेच होतं.” वांडाने बाटल्या नीट लावायला घेतल्या. “डॅडींनी सगळे फोडले. म्हणाले, चांगले भरलेत, फेकायचे कशाला. मॉमने केक केला. मी अठरा वर्षांची होते, रडत रडत खाल्ला.”

“माझं चुकलं गं. फार चुकलं.”

“हो, चुकलं. पण मला कशाला सांगता? मी त्यांच्या घरात राहायचे, मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा.”

ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये मासे तळतात आणि गाव तिथेच जेवतं. प्रेदर मंडळी कधी बसली नाहीत. ओडेल पैसे द्यायचा, पुडकं घ्यायचा, जायचा. त्याच्यामागे वांडानेही तेच चालू ठेवलं. त्या शुक्रवारी ती रांगेत उभी होती, कढईवर मर्ल होता, आणि बर्निस खुर्चीचा आधार घेऊन उभी राहिली.

“ऐका जरा,” ती म्हणाली. चमचे थांबेनात. “ऐका म्हणते ना!”

थांबले.

“चौदा नंबर माझ्याकडे आहे. मी तो उघडून बघितला. त्याने अक्रोडच फोडले होते. माझ्या लेस्टरला ओडेल प्रेदरने मारलेलं नाही. ओडेल खरं बोलत होता आणि आपण हसलो. त्याच्या दारातली पिशवी मी ठेवली होती.”

मागच्या टेबलावरून एक म्हातारा म्हणाला, “चाळीस वर्षांनी कशाला उकरतेस, बर्निस? कोण उरलंय?”

“ती उरलीय,” बर्निस म्हणाली. “चुकीची कवळी दिली तर परत घ्यावी लागते, मग गिऱ्हाईक कितीही वर्षांनी येवो. ज्याला बघायचंय त्याने माझ्या घरी यावं, टेबलावर सगळं मांडून ठेवलंय. खाचा मी घासलेल्या नाहीत आणि घासणारही नाही.”

म्हातारा ताटात बघू लागला. बर्निस खाली बसली. तिने पायानेच समोरची खुर्ची थोडी मागे सारली.

मर्लने पुडकं बांधून वांडाच्या हातात दिलं. वांडाने दाराकडे बघितलं. मग ती हळूहळू चालत आली, त्या खुर्चीवर बसली आणि पुडकं उघडलं. वाफ चष्म्यावर आली, तो तिने पुसला. एक घास खाल्ला आणि तशीच थांबली.

“काय गं?” बर्निसने विचारलं. “खारट झालाय?”

“नाही,” वांडा म्हणाली. “घरी नेईपर्यंत नेहमी गार व्हायचा. डॅडींना हा गरम कधीच मिळाला नाही.”