तरसासाठी बांधलेली साडी

अन्वी, ईशान,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू जंगलात लपायचीस म्हणजे नेमकी कशी?" मी सांगायला लागले आणि तुमच्या बाबाने मध्येच स्वतःचा किस्सा सुरू केला. म्हणून लिहून पाठवते. शिवाय डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याला आता डोंगर बंद केले आहेत, तेव्हा सवडही आहे.

चार वर्षांपूर्वीचा हिवाळा. पहाटेचे साडेपाच. नाशिकपासून तासाभरावरच्या एका डोंगरतळ्याच्या काठी मी माझ्याच हिरव्या साडीमागे स्टुलावर बसले होते आणि तरसाची वाट बघत होते.

साडी का, ते सांगते. फोटोग्राफर ज्या आडोशामागे लपतो त्याला हाइड म्हणतात. माझा हाइड म्हणजे मातकट रंगाचा छोटा तंबू. त्याची चेन तुटली, म्हणून तो सातपूरला दुरुस्तीला गेला होता. मग मी कपाटातून पानापानांच्या छापाची साडी काढली. "मॅचिंग ब्लाउज घेतलास ना?" आजोबांनी विचारलं. आदल्या संध्याकाळी चार बांबू रोवून साडी बांधली. हाइड आधीच लावून ठेवायचा, म्हणजे जनावरांना सवय होते. तसा नियमच आहे.

थांबायला वेळ नव्हता. तळ्यावरच्या प्राण्यांचं माझं प्रदर्शन इंदिरानगरला भरणार होतं. सगळे फोटो याच तळ्यावरचे, असं मी पत्रिकेत छापून मोकळी झाले होते. भेकर मिळालं, कोल्हा मिळाला, तरस काही मिळेना. आणि त्याच दिवशी दुपारी बारा वाजता पॅनेल प्रिंटिंगला जाणार होते. प्रदर्शनाचं काम बघणारे देशमुख आदल्या दिवशी फोनवर म्हणाले, "मॅडम, नाहीच मिळालं तर माझ्याकडे राजस्थानातलं तरस आहे. लावून टाकू. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

साडेसहा वाजले. थोडं उजाडलं. टिटवी माझ्यावर ओरडून ओरडून दमली. बाकी कुणीही आलं नाही. मग मागून आवाज आला.

"कोन हाय तिकडं? ही साडी कोनी बांधली?"

लंकाबाई. तळ्याला लागून त्यांचा टोमॅटोचा मळा आहे. रोज सकाळी पाण्याची मोटार चालू करायला त्या येतात.

"हळू बोला, मी आहे," मी कुजबुजले. "तरस येईल म्हणून बसलेय."

लंकाबाईंनी साडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून हसायलाच लागल्या. "अवो बाई, जरा मळ्याकडं बघा."

मळ्याच्या चारी बाजूंना जुन्या साड्या बांधलेल्या होत्या. निळी, लाल, एक तर जरीची. रात्री रानडुकरं आत शिरू नयेत म्हणून इकडचे शेतकरी तसं करतात. साडी दिसली की जनावराला वाटतं इथे माणूस आहे, आणि ते वळतं. दोन वर्षं मी त्या कुंपणाच्या कडेने ये-जा करत होते. त्याचा फोटोसुद्धा काढला होता.

"आमी जनावर येऊ नाय म्हनून साडी बांधतो," लंकाबाई म्हणाल्या, "आन तुमी यावं म्हनून बांधली! शिकलेल्या लोकांचं लय येगळं असतं बघा."

मी टॉर्च घेऊन चिखल तपासला. तरसाचे पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे असतात, त्यामुळे ठसा ओळखू येतो. ठसे पाण्याच्या दिशेने आले होते, साडीपासून वीस पावलांवर थांबले होते आणि सरळ माघारी गेले होते.

"संपलं," मी म्हणाले. "गेलं ते."

"गेलं नाय. आजून पानी कुठं प्यालंय? बाकी तिन्हीकडं कातळ हाय, उतरायला हीच वाट. घराकडं जाताना येईल. आधी ती साडी काढा."

मी साडी सोडली आणि सवयीने घडी घालायला लागले.

"घडी कसली घालताय!" लंकाबाईंनी साडीचा बोळा करून काखेत मारला, मला मळ्याच्या कडेला मक्याच्या कडब्यात बसवलं आणि डोक्यावर दोन पेंढ्या ठेवल्या. कडबा दवाने ओला होता आणि सगळीकडून टोचत होता.

"आता तुम्हीही गप्प बसा," मी पेंढ्यांखालून म्हणाले.

"मी कशाला गप बसू? मी रोज बोलते. आज गप बसले तर त्याला वाटंल, कायतरी गडबड हाय."

मोटार चालू होईना. लंकाबाईंनी आधी मोटारीचा उद्धार केला, मग वीजवाल्यांचा, मग त्यांची गाडी जावयावर आली. तेवढ्यात तरस आलं. उतारावरून खाली आलं, समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईकडे बघावं तसं त्याने लंकाबाईंकडे बघितलं आणि पाण्याला तोंड लावलं. मी अकरा फोटो काढले. बाराव्याला नाकात कडबा गेला आणि मला शिंक आली. तरस पळालं.

"मी येवढी बोलले ते त्याला चाललं," लंकाबाई म्हणाल्या. "तुमची शिंक नाय चालली."

साडेअकराला मी देशमुखांना फोटो पाठवला. लगेच फोन आला. "मॅडम, झकास! पण कोपऱ्यात बादली आणि कुणाचा तरी पाय दिसतोय. क्रॉप करू?"

"अजिबात नको," मी म्हणाले. "त्या पायामुळेच फोटो मिळाला आहे."

या धंद्यातली माझी बरीच वर्षं वारा, उजेड आणि ठसे शिकण्यात गेली. कुठेही लपण्याआधी तिथल्या माणसाला विचारावं, हे मात्र मी त्या दिवशी शिकले आणि वहीत नियमांच्या पहिल्या ओळीवर लिहिलं.

तळं अजून आहे. तरसाची जोडी पलीकडच्या कातळात राहते आणि उजाडताना त्याच वाटेने पाण्यावर उतरते.