कवडूभाऊंनी पुसलेला धूर

मनोहरराव साहेबांचं नाव काढलं की आजही माझं डोकं फिरतं. पण ही गोष्ट त्यांची नाही, कवडू मेश्रामची आहे, म्हणून राग जरा आवरून सांगायचा प्रयत्न करते. जमेल असं काही वाटत नाही.

नागपुरात आमचं नकाशांचं सरकारी ऑफिस होतं, मनोहरराव साहेब त्याचे प्रमुख. उपग्रहानं वरून काढलेले जमिनीचे फोटो आमच्याकडे यायचे. त्यांचे मोठे रंगीत फोटो करून आम्ही शेतीखात्याला, कलेक्टरला, जो मागेल त्याला द्यायचो. मी तिथली टायपिस्ट, यमुताई. फोटोखालच्या चार ओळी माझ्या मशीनवर टाइप व्हायच्या. आणि कवडूभाऊ डार्करूममध्ये. हुद्दा नुसता 'सहायक', पण ते दोन दिवस रजेवर गेले की अख्ख्या ऑफिसचं काम ठप्प.

हैदराबादहून काळ्यापांढऱ्या फिल्म यायच्या. एकाच जागेच्या, एकाच वेळेच्या, तीन-चार. एक हिरव्या उजेडातली, एक लाल उजेडातली, आणि बाकीच्या असल्या उजेडातल्या की जो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. कवडूभाऊ त्यांतल्या तीन निवडून एकेकीला एकेक रंगाचा फिल्टर लावायचे आणि तिन्ही चित्रं एकाच कागदावर एकावर एक उतरवायचे. केसभर हललं तरी नदीला दोन-दोन काठ फुटायचे. त्या फोटोत झाडं, पिकं हिरवी नाही, लाल दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरलेच. म्हटलं, "अगो बाई, जिल्हा पेटला की काय?"

कवडूभाऊ हसले. "पेटला नाही, यमुताई. जितकं लाल दिसून राहिलं, तितकं पीक झकास."

आता धुराचं ऐका, कारण सगळं त्यावरच अडलं आहे. हवेत धूर असला की हिरव्या उजेडाच्या फिल्मवर तो हटकून दिसायचा. त्या फिल्मला निळा फिल्टर लागायचा, म्हणून फोटोत धुराचा निळसर पांढरा फराटा उमटायचा. न दिसणाऱ्या उजेडाचं मात्र उलट. तो पातळ धुरातून आरपार जातो, त्याच्या फिल्मवर धूर नावालाही नसतो. तेव्हा फोटो मळकट आला की कवडूभाऊ निळ्या फिल्टरच्या पाळीला उजेड कमी द्यायचे, बाकीच्या दोन पाळ्यांना वाढवायचे. धूर गायब! ह्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. दिल्लीचे पाहुणे आले की साहेब फोटो पुढे करून मिरवायचे, "बघा, एक डाग नाही." घाम कवडूभाऊंचा आणि पाठ थोपटून घ्यायची ह्यांनी.

मळका फोटो फेकायचा मात्र नाही, असा नियम होता. मागच्या बाजूला 'रद्द' असा शिक्का, त्याखाली ज्यानं फोटो धुतला त्याची सही, तारीख, आणि मग तो कपाटात. कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची.

कवडूभाऊंना आईबाप नव्हते. थोरल्या बहिणीनं, तुळसाबाईनं, वाढवलं. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी ह्या आठ वर्षांच्या पोराला खांद्यावर घेऊन ती गर्दीत उभी होती, पांढरं लुगडं नेसून. हे ते प्रत्येकाला सांगायचे, तेही डोळे पुसत. तुळसाबाई दिली होती खैरडोहला, बसनं सव्वा तास. नवरा लवकर गेला. तीन एकर शेत, मिरची लावायची. गावाच्या उशाशी लोखंड गाळायचा कारखाना आला, भट्टी पेटली, आणि बाईचा खोकला सुरू झाला. आधी थंडीत, मग बाराही महिने. अंगणात वाळत घातलेल्या मिरचीवर काजळी बसायची. हात लावला की बोटं काळी.

एकदा मीही गेले होते खैरडोहला. कवडूभाऊ बहिणीला आपलं काम समजावून सांगत होते. आकाशकंदिलाचा लाल जिलेटिनचा कागद त्यांनी तिच्या डोळ्यांपुढे धरला. "पाय बाई, चिमणीकडे पाय. धूर कमी दिसते का नाही?"

तुळसाबाईनं बराच वेळ पाहिलं. "हो गा, कमी तर दिसते," ती म्हणाली. मग खोकल्याची उबळ आली, ती ओसरल्यावर पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पण नाकाले कोणता कागद लावू, ते सांग."

आम्ही हसलो. हो, हसलो! आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

चौऱ्याऐंशीच्या शेवटी कारखान्याला दुसरी भट्टी हवी झाली. एका भट्टीनं बाईची ही गत, दुसरीनं काय होणार ते सांगायला डॉक्टर लागत नव्हता. गावानं हरकत घेतली, सुनावणीची तारीख पडली. कारखान्यानं आपल्या अर्जाची एक प्रत गावात पाठवली. तुळसाबाईला वाचता येत नव्हतं, तिनं ती भावापुढे ठेवली. आणि कवडूभाऊंनी पाहिलं, अर्जाला फोटो जोडलेला. आमच्या ऑफिसचा. त्याच वर्षीच्या जानेवारीतला. खैरडोहची शेतं लालबुंद, हवा आरशासारखी लख्ख. खाली टाइप केलेलं, 'वातावरण स्वच्छ. पीक निरोगी.'

सोमवारी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. अर्जाचा तो फोटो माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "यमुताई, हा फोटो म्या धुतला. धूर होता त्याच्यात. म्याच काढला." आणि मशीनकडे बोट दाखवून, "अन् खालचं तुम्ही लिहिलं."

लिहिलं होतं. साहेबांनी मजकूर दिला, मी टाइप केला. डोळे काय गहाण टाकले होते मी? जानेवारीत सकाळी साडेनऊला उपग्रह डोक्यावरून जातो. त्या वेळी थंडीचा धूर खैरडोहवर गोधडीसारखा पसरलेला असतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी टाइप केलं, वातावरण स्वच्छ!

कवडूभाऊ साहेबांकडे गेले. मीही मागोमाग गेले, दारात उभी राहिले.

"साहेब, हा फोटो खोटा आहे," ते म्हणाले.

"खोटा कसा? उपग्रहाचा आहे. आपण फक्त डाग काढतो."

"डाग नाही साहेब, धूर आहे तो. माह्या बहिणीच्या घरावर आहे."

"मेश्राम, तुम्ही डार्करूम सांभाळा," साहेब म्हणाले, आणि चहा मागवला. एकच कप. तळपायाची आग मस्तकात गेली माझी.

मी कपाट उघडलं. जानेवारीचा मळका फोटो सापडला. कारखान्याच्या ठिपक्यापासून निघालेला निळसर फराटा सरळ खैरडोहवरून जाऊन नदीपर्यंत पसरलेला. इतका स्पष्ट की पोरानं बोट ठेवावं. मी तो कवडूभाऊंच्या हातात दिला. म्हटलं, "घेऊन जा. पुढचं मी बघते."

त्यांनी फोटो उलटा केला. मागे शिक्का होताच. मी म्हटलं, "भाऊ, ह्याचं काय?"

"मागचं कोण पायते, यमुताई? फोटो तर पुढून पायतात." बारा वर्षं डार्करूममध्ये काढलेला माणूस. त्याच्यासाठी फोटो म्हणजे पुढची बाजू. मागची बाजू म्हणजे कारकुनी. आणि मी, कारकुनीतच जन्म घालवलेली बाई, मी तरी त्यांना अडवायचं होतं! मलाही वाटलं, इतकं उघड दिसतंय, कोण नाही म्हणेल?

सुनावणीला गावातले तीस-चाळीस लोक आले होते. तुळसाबाई पुढच्या बाकावर. मी रजा टाकून गेले होते. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. मनोहरराव साहेब कारखान्याच्या बाजूला बसलेले, म्हणाले, "ते थंडीतलं धुकं आहे."

कवडूभाऊ उभे राहिले. त्यांचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "धुकं एका चिमणीतून निघते काय, साहेब? एका ठिकाणाहून निघून सरळ रेघ मारत जाते काय? बारा वर्षं झाले धुकं धुवून राहिलो मी. मले शिकवता?"

लोकांत कुजबुज झाली. अधिकारी वाकून नीट पाहू लागले. मला वाटलं, जिंकलो बाप्पा.

मग त्यांनी फोटो उलटा केला.

"रद्द," त्यांनी वाचलं. "खाली सही कोणाची?"

कवडूभाऊ वळून माझ्याकडे पाहू लागले.

"सही कोणाची, मेश्राम?"

"माही, साहेब."

"म्हणजे हा फोटो सदोष आहे असं तुम्हीच लिहून दिलं आहे. आणि हा दुसरा, हा धुऊन बरोबर म्हणून कोणी पाठवला?"

"म्याच. निळ्या पाळीला उजेड कमी देऊन म्याच पुसला धूर, साहेब."

संपलं. अरे, माणूस तोंडानं सांगतोय, धूर मी पुसला, कसा पुसला तेही सांगतोय, आणि ह्यांना शिक्का खरा! तुळसाबाईनं भावाची बाही ओढली. "काय लिहिलं हाय गा मागं?" तिनं विचारलं. त्यांनी सांगितलं. तिनं बाही सोडली.

दुसरी भट्टी मंजूर झाली. मला मेमो मिळाला, कपाट उघडल्याबद्दल. कवडूभाऊंना डार्करूममधून काढून टपालाच्या खिडकीवर बसवलं. जिल्ह्यात त्यांच्यासारखा फोटो धुणारा नव्हता, तो माणूस पाकिटांना तिकिटं चिकटवत बसला. त्यांच्या जागी आलेला माणूसही धूर पुसतच होता, त्यांच्याइतका सफाईनं नाही, एवढंच. आणि साहेबांना बढती. जळो मेलं ते ऑफिस!

सत्त्याऐंशीच्या थंडीत कवडूभाऊंनी बहिणीला मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात आणलं. मी डबा घेऊन गेले होते. बाई अर्धी झाली होती, चार पावलं चालली की बसायची. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला होता. कवडूभाऊंनी तो घेतला आणि सवयीप्रमाणे खिडकीच्या उजेडात धरला. जिथे काळं दिसायला हवं तिथे दोन्ही बाजूंना पांढरे फराटे. ते बघत राहिले. मग हातानं आपसूक तो उलटा केला. मागे काही नव्हतं.

तुळसाबाई खाटेवरून पाहत होती. "धूर दिसते काय गा त्याच्यात?" तिनं विचारलं.

"दिसते, बाई."

"मंग नेऊन दाखव ना त्या साहेबाले," ती म्हणाली. "अन् ह्याच्यावर सही नको करू."

कवडूभाऊ तसेच खिडकीशी उभे, पाठ आमच्याकडे करून. मी डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. 'वातावरण स्वच्छ' हे दोन शब्द टाइप करायला मला किती वेळ लागला असेल?